वाघ, शेळी आणि नावाडी

शाळेत असताना आपण सगळ्यांनी एक कोडं सोडवलेलं असतं. एका नावाड्याजवळ वाघ, शेळी आणि गवताचा भारा आहे. होडी लहान, एका खेपेला एकच गोष्ट मावते. मागे सोडलं तर वाघ शेळीला खाईल, शेळी गवत खाईल. तर तिन्ही पलीकडे न्यायची कशी? उत्तर आपल्याला पाठ असतं. पण वाघ त्या नावाड्यालाच का खात नाही, हे आपण मास्तरांना कधी विचारलेलं नसतं. विचारलं असतं तर बहुधा छडी मिळाली असती.

यान मार्टेल या कॅनडाच्या लेखकाची ‘लाइफ ऑफ पाय’ ही कादंबरी या न विचारलेल्या प्रश्नावर उभी आहे. ती २००१ मध्ये आली आणि २००२ मध्ये तिला बुकर पारितोषिक मिळालं. नदीच्या जागी पॅसिफिक महासागर, नावाड्याच्या जागी सोळा वर्षांचा एक पोरगा आणि पैलतीर २२७ दिवसांच्या अंतरावर.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पाँडिचेरीत पटेल नावाच्या गृहस्थांचं प्राणिसंग्रहालय आहे. आणीबाणीच्या काळात देशातलं वातावरण त्यांना नकोसं होतं आणि ते कुटुंबासह कॅनडाला जायला निघतात. विकलेले प्राणीही त्याच जपानी मालवाहू जहाजावर असतात. २ जुलै १९७७ ला जहाज बुडतं. धाकटा मुलगा पाय तेवढा वाचतो. होडीत त्याच्याबरोबर पाय मोडलेला झेब्रा, तरस, ओरांगउटान माकडीण आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. काही दिवसांत तरस झेब्य्राला आणि माकडिणीला मारतं, वाघ तरसाला मारतो. उरतात दोघे.

ही कादंबरी जन्मली ती आपल्या माथेरानशी नातं सांगत, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. प्रस्तावनेत मार्टेल लिहितात, की पोर्तुगालवरची एक कादंबरी लिहायला ते हिंदुस्थानात आले होते. माथेरानला बसून लिहिता लिहिता ती कादंबरी मेली. शब्द सगळे जागेवर, पण जीव नाही. त्यांनी त्या टिपणांचं पाकीट करून सायबेरियातल्या एका खोट्या पत्त्यावर पाठवून दिलं. कवितेची वही अडगळीत टाकलेल्या माणसाला हे पाकीट चांगलं कळतं.

कल्पना मात्र सर्वस्वी त्यांची नव्हती. ब्राझीलचे लेखक मोआसिर स्क्लियार यांची १९८१ ची एक छोटी कादंबरी आहे. नाझी जर्मनीतून पळालेला एक तरुण जहाज बुडाल्यावर छोट्या होडीत जग्वारबरोबर अडकतो. बुकर मिळाल्यावर त्यावरून बरंच वादळ उठलं. मार्टेल यांनी पुस्तकातच स्क्लियार यांचे आभार मानले होते; त्यांचं म्हणणं असं, की आपण ते पुस्तक वाचलं नव्हतं, त्याच्यावरचं परीक्षण तेवढं वाचलं होतं. स्क्लियार आधी दुखावले, पण कोर्टात गेले नाहीत. मला हा वाद फार मोठा वाटत नाही. होडी आणि जनावर ही जोडी नूहच्या किश्तीइतकी जुनी आहे. त्या जोडीचं पुढे काय केलं, एवढंच विचारायचं.

मार्टेल यांनी काय केलं? आधी त्यांनी पाण्याचा हिशेब मांडला.

माझे थोरले मामू जहाजावर सारंग होते. कोकणातल्या आमच्या मुसलमान घरांत पिढ्यान् पिढ्या खलाशी, टंडेल, सारंग निपजले. ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा वाघाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते इतकंच, “पाणी कुठनं आणलं रे त्यानं?”

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं इतकी खारट लघवी तयार करू शकत नाहीत. त्यामुळे एक पेला समुद्राचं पाणी प्यायलं, की तो मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीर एका पेल्याहून जास्त गोडं पाणी खर्च करतं. तहान भागत नाही, वाढते. मग डोकं फिरतं. पायच्या होडीत गोड्या पाण्याचे १२४ डबे असतात आणि समुद्राच्या पाण्याची उन्हानं वाफ करून गोडं पाणी गोळा करणारी बारा साधनं असतात. पावसाचं पाणी तो साठवतो, कासवाचं रक्त पितो. हे कादंबरीकाराच्या मनाचे खेळ नव्हेत. १९७२ मध्ये पॅसिफिकमध्ये रॉबर्टसन कुटुंबाची बोट देवमाशांनी फोडली, तेव्हा ती माणसं ३८ दिवस पावसाच्या पाण्यावर आणि कासवांवरच जगली. स्टीव्हन कॅलहन हा अमेरिकन खलाशी १९८२ मध्ये अटलांटिकवर रबरी तराफ्यात ७६ दिवस एकटा होता, तो अशाच साधनांच्या आणि माशांच्या आधारावर. पुढे या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा सल्लागार म्हणून त्याच कॅलहनला बोलावलं होतं.

हिशेब पटला म्हणून मामूंनी पुढचं ऐकलं.

पुढचं म्हणजे वाघ. पाय त्याला मारायच्या नाना युक्त्या मनात आणतो आणि अखेर उलटं ठरवतो: वाघाला जगवायचं. भुकेला वाघ धोक्याचा, मेलेला वाघ म्हणजे एकटेपण. मग तो सर्कशीतल्या माणसासारखा वाघाला सवय लावतो. होडी लाटांना आडवी करून मुद्दाम हिंदकळवायची, त्याच वेळी शिट्टी फुंकायची. वाघाला समुद्र लागतो, मळमळतं. पुढे नुसती शिट्टी ऐकली तरी त्याच्या पोटात ढवळतं. होडीचा अर्धा भाग त्याचा, अर्धा याचा, आणि ही हद्द आखायला पाय वाघासारखीच लघवी शिंपडतो. प्रत्यक्षात उपाशी वाघ शिट्टीचा मान किती दिवस राखील, याची मला शंका आहे. पण या शिट्टीमागे रोजचा मासा आहे आणि रोजचं पाणी आहे. जो खायला घालतो त्याची हद्द जनावर ओळखतं, इतपत मानायला माझी हरकत नाही.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो वाघाचा नव्हे, माशाचा. पाय जन्माचा शाकाहारी. पहिला उडता मासा हातात धरून त्याची मान मोडताना तो ढसढसा रडतो. आणि थोड्याच वेळात दुसरा, मोठा मासा हाती लागतो तेव्हा तो त्याला बडवून मारतो आणि रडत नाही. लेखक तिथे थांबून व्याख्यान देत नाही. माणूस किती लवकर कशाला सरावतो, हे एवढ्याशा अंतरात दिसतं. वाघ होडीत आहेच, पण तो कुठे कुठे आहे, याची शंका वाचकाला इथे पहिल्यांदा यायला हवी.

कारण शेवटी होडी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते, वाघ मागे वळूनही न बघता जंगलात निघून जातो आणि इस्पितळात पडलेल्या पायकडे जपानचे दोन अधिकारी चौकशीला येतात. त्यांना जहाज का बुडालं ते हवं आहे. वाघाची गोष्ट त्यांना पटत नाही. जनावरं नसलेली गोष्ट सांग म्हणतात. पाय सांगतो. होडीत चार माणसं होती: पाय मोडलेला एक खलाशी, जहाजाचा आचारी, पायची आई आणि पाय. आचारी खलाशाचा पाय कापतो, तो मरतो, त्याचं मांस वापरलं जातं. मग आचारी आईला मारतो. आणि पाय आचाऱ्याला मारतो.

अधिकारी बोटांवर हिशेब करतात. झेब्रा म्हणजे खलाशी, माकडीण म्हणजे आई, तरस म्हणजे आचारी. मग वाघ?

आता त्या वाघाच्या नावाकडे या. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानं १८३८ मध्ये समुद्रावरची एक कादंबरी लिहिली. तीत उपासमारीनं गांजलेले चौघे चिठ्ठ्या टाकून एकाला मारून खातात. ज्याच्या नावावर चिठ्ठी येते तो खलाशी रिचर्ड पार्कर. त्यानंतर ४६ वर्षांनी, १८८४ मध्ये, ‘मिन्योनेट’ नावाची छोटी शिडाची नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. चौघे एका होडक्यात. बरोबर सलगमाचे दोन डबे, पाण्याचा थेंब नाही. विसाव्या दिवसाच्या सुमाराला कप्तान टॉम डडली आणि त्याचा सोबती स्टीफन्स यांनी समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या पोराला मारलं, आणि तिघांनी त्याच्या मांसावर दिवस काढले. चारच दिवसांनी एका जर्मन जहाजानं त्यांना उचललं. मेलेल्या पोराचं नाव रिचर्ड पार्कर.

डडलीनं इंग्लंडला उतरल्यावर काही लपवलं नाही. घडलं ते घडलं तसं सांगितलं. लोकांची सहानुभूती त्याच्या बाजूनं होती. पण कोर्टानं म्हटलं, की जीव वाचवण्याची गरज ही खुनाची सबब होऊ शकत नाही. फाशीची शिक्षा झाली, ती मग सहा महिन्यांच्या कैदेवर आली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. म्हणजे बघा, डडलीनं जनावरं नसलेली गोष्ट सांगितली आणि जन्मभर तीच त्याची ओळख झाली. मार्टेल यांनी मारल्या गेलेल्या पोराचं नाव मारणाऱ्या वाघाला दिलं. पायच्या दुसऱ्या गोष्टीत शिकार होऊ शकला असता तो पोरगा आणि शिकारी झाला तोही तोच.

२०१२ मध्ये आंग ली यांनी चित्रपट केला तेव्हा ही दुसरी गोष्ट कशी दाखवायची, हा पेच होता. त्यांनी ती दाखवलीच नाही. सूरज शर्मा हा नवखा मुलगा इस्पितळाच्या खाटेवर बसून ती नुसती सांगतो. एवढा मोठा चित्रपट, एवढे उडते मासे आणि चमकणारा समुद्र, आणि इथे फक्त एक चेहरा. माझ्या मते सगळ्या चित्रपटात तेच सर्वांत धाडसाचं. वाघ बहुतेक ठिकाणी संगणकावर घडवलेला होता. ते काम करणाऱ्या अमेरिकन कंपनीची मुंबई आणि हैदराबादलाही कार्यालयं होती, त्यामुळे त्या पट्ट्यांत आपल्या पोरांचेही हात आहेत. २०१३ मध्ये चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यांत दृश्यपरिणामांचंही होतं. आणि त्याच महिन्यात त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुढे नाटक आलं. त्यात वाघ बाहुलीचा, आत माणसं. २०२२ मध्ये लंडनच्या ऑलिव्हिये पारितोषिकांत साहाय्यक अभिनेत्याचा मान वाघ चालवणाऱ्या सात जणांना मिळून दिला. वाघाच्या कातड्याखाली माणूस आहे, हे रंगमंचावर लपवावं लागलं नाही.

कादंबरीत असं सुचवलं आहे, की ही गोष्ट ऐकून माणसाचा देवावर विश्वास बसेल. दोन गोष्टींपैकी चांगली निवडा, देवाचंही तसंच आहे, असा तो युक्तिवाद. पाय स्वतः मंदिरात जातो, चर्चमध्ये जातो आणि एका सूफी बेकरीवाल्याकडून नमाजही शिकतो. तिन्ही धर्मांची शहाणी माणसं त्याला रस्त्यात गाठून ‘एक काय ते ठरव’ म्हणतात, तो प्रसंग मी हसत हसत वाचला. मुसलमान असून मराठीत कविता कशी, असं विचारणारी शहाणी माणसं मला अजून भेटतात. पण देवाबद्दलचा तो युक्तिवाद मला पटत नाही. आमच्या घरात कुणी दर्यावर अडकलं आणि खबर आली नाही, की बायका चिंचोके मोजून आयत-ए-करीमा पढायला बसत. माशाच्या पोटात अडकलेल्या युनूस पैगंबरांची ती दुआ. त्या दुआत मासा किती मोठा होता याचं वर्णन नाही. आपल्या हातून चूक झाली, एवढी कबुली आहे. माझ्या आजीनं ती गोष्ट सुंदर आहे म्हणून निवडली नव्हती. तिचा मुलगा पाण्यावर होता.

मग वाघाची गोष्ट कशासाठी? मला वाटतं, देवासाठी नव्हे, मामूंसारख्यांसाठी. १७ जुलै १९४७ ला मुंबईजवळ ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. मामूंच्या लहानपणी त्यांनी त्यातून पोहून निघालेल्या एकाला पाहिलं होतं. तो पुढे कितीतरी वर्षं जगला, बाजारात जायचा, लग्नकार्यात जेवायचा, पण त्या दिवसाबद्दल विचारलं की उठून जायचा. पाण्यात कुणी त्याचा हात धरला होता, त्यानं तो सोडवून घेतला होता का, हे गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या माणसाला एखादा वाघ मिळाला असता तर त्याला निदान काही सांगता आलं असतं. मी ही गोष्ट संपवली तेव्हा मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दुसरी त्यानं सांगायला नको होती.” मी म्हटलं, “मामू, विचारलं म्हणून सांगितली.” ते म्हणाले, “विचारायलाच नको होतं.”

कादंबरीतले जपानी अधिकारी आपला अहवाल लिहितात. इतके दिवस समुद्रावर तग धरणारा विरळा, आणि तोही एका मोठ्या वाघासोबत, अशी नोंद त्यात ते करतात. दुसऱ्या गोष्टीचा त्यात उल्लेख नाही. जहाज का बुडालं, ते त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.