'काय हवंय?' न विचारता

न बोलणाऱ्या अनेक स्वमग्न मुलांना चित्रं छान ओळखता येतात. 'चेंडू दाखव' म्हटलं की बोट बरोबर चेंडूवर जातं. पण तहान लागली की तेच मूल रडतं, नाहीतर माठासमोर नुसतं उभं राहतं. माणसाकडे जाऊन मागायचं असतं, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. शिकवायला सुरुवात इथूनच करावी लागते.

अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात हेच हेरून 'पेक्स' ही पद्धत तयार केली. चित्र द्यायचं, वस्तू घ्यायची. तिचे टप्पे सहा, आणि माझ्या मते सगळं पहिल्यावर उभं आहे.

आधी मुलाला खरंच काय आवडतं ते पाहायचं. चार-पाच वस्तू समोर ठेवल्या की हात कुठे जातो ते कळतं. समजा, चकली. मग दोन मोठी माणसं लागतात. आई समोर चकलीचा तुकडा घेऊन बसते, बाबा मुलाच्या मागे. मध्ये चकलीचं एकच चित्र. मूल चकलीकडे झेपावलं की बाबा मागून, काही न बोलता, त्याचा हात चित्राकडे नेतात, ते उचलायला आणि आईच्या तळहातावर ठेवायला मदत करतात. त्याच क्षणी आई 'चकली!' म्हणते आणि तुकडा देते. तुकडा लहानच हवा. अख्खी चकली दिली तर पुन्हा मागायचं कारणच उरत नाही.

या वेळात 'काय हवंय?', 'चित्र दे' असं कुणीही म्हणायचं नाही. आपण विचारत राहिलो तर मूल प्रश्नाची वाट पाहायला शिकतं, आणि प्रश्न आला नाही की गप्प बसतं. बाबांची मदत शेवटाकडून कमी होत जाते. आधी चित्र सोडताना, मग पुढे करताना, शेवटी उचलताना. आईनेही तळहात हळूहळू उशिरा उघडायचा, कारण उघडा हात हीसुद्धा एक सूचनाच असते.

दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढतं. चित्र वहीवर वेल्क्रोने चिकटवलेलं, आई ओट्याशी पाठमोरी. मूल चित्र काढून तिच्यापर्यंत जातं, तिचं लक्ष वेधून घेतं. हा टप्पा घाईत उरकला तर मूल फक्त शिकवणाऱ्या बाईंकडेच, फक्त त्या टेबलापाशीच मागतं. म्हणून आजोबा, मावशी सगळ्यांनी यात यावं. आजीचं काम सर्वांत अवघड. नातवाच्या डोळ्यांतली तहान ती ओळखते आणि मागण्याआधीच पेला पुढे करते. तिने पेला दिसेल, पण हाताला येणार नाही, असा ठेवावा आणि थांबावं.

तिसऱ्यात निवड येते. चकली आणि मोजा अशी दोन चित्रं ठेवतात. मोज्याचं दिलं, तर मोजाच मिळतो. पुढे दोन्ही आवडीच्या वस्तू ठेवून, चित्र दिल्यावर 'घे' म्हणायचं आणि हात त्याच वस्तूकडे जातो का ते पाहायचं.

चौथ्यात 'मला हवंय'चं कार्ड आणि वस्तूचं चित्र एका पट्टीवर लावतात. आई पट्टी वाचून दाखवते आणि वस्तूच्या नावाआधी क्षणभर थांबते. काही मुलं तो शब्द स्वतः म्हणतात. नाही म्हटला तरी वस्तू द्यायचीच. 'तुला काय हवंय?' हा प्रश्न थेट पाचव्या टप्प्यात येतो, आणि सहाव्यात 'मला दिसतंय' असं सांगणं.

'चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही,' ही भीती बहुतेक घरांत असते. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट वाढलेलं दिसतं. काहींना बोलणं येत नाही, त्यांच्यासाठी चित्रं किंवा टॅब हीच भाषा राहते.

सुरुवातीला प्रत्येक मागणी पुरवायची, म्हणून वस्तू हाताशी असल्याशिवाय सरावाला बसू नये. पुढे चकल्या संपल्या तर रिकामा डबा दाखवावा आणि दुसरं काही निवडायला द्यावं. फार मागतो म्हणून वही कपाटात ठेवून देणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. वही एसटीत, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे त्याच्याजवळच हवी.