अंगठीचे कूळ

साखरपुड्यात अंगठ्यांची अदलाबदल हा आपल्याकडचा फार जुना विधी नव्हे. साखर, साडी, ओटी आणि सुपारी यांवर वाङ्निश्चय भागत असे. अंगठी नंतर आली, हिरा त्याच्याही नंतर. डी बिअर्स कंपनीने १९३८ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहिरातसंस्थेला हाताशी धरले आणि हिऱ्याची लग्नाच्या वचनाशी सांगड घातली. आपल्या सराफकट्ट्यावर दिसते ती तिचीच लांबलेली सावली. स्थळाच्या कुळाची चार ठिकाणी चौकशी करणारी घरे अंगठीच्या कुळाबद्दल मात्र काही विचारत नाहीत. माझ्या भाचीने विचारले. ‘मावशी, माझ्या अंगठीपायी कुणाचं वाईट झालेलं मला नकोय,’ एवढेच ती म्हणाली, आणि कागद वाचण्याची खोड मला असल्याने शोध माझ्याकडे आला.

दुकानात पहिले उत्तर मिळते ते ‘किंबर्ली प्रमाणित’ असे. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांना हिऱ्यांचा पैसा मिळू नये म्हणून ही व्यवस्था २००३ मध्ये सुरू झाली. पण तिची व्याख्या अरुंद आहे. बंडखोरांनी सरकार उलथवण्यासाठी वापरलेला तेवढाच हिरा ‘संघर्षाचा’. झिंबाब्वेतल्या मरांगे खाणक्षेत्रात २००८ मध्ये सरकारच्याच लष्कराने खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या. ते या व्याख्येत बसेना. २०११ मध्ये तिथल्या निर्यातीला मुभा मिळाली आणि ही व्यवस्था उभी राहावी म्हणून झटलेली ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था त्याच वर्षी तिच्यातून बाहेर पडली. शिवाय प्रमाणपत्र असते ते कच्च्या हिऱ्यांच्या मोहोरबंद पेटीला. पैलू पाडताना निरनिराळ्या पेट्यांतला माल एकत्र होतो. बोटातल्या एका खड्याची जन्मकथा त्यातून कळत नाही.

मग प्रयोगशाळेतला हिरा. तो खोटा नव्हे. कार्बनची तीच रचना, तेच काठिण्य. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी १९५४ मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता वापरून तो बनवला. आज सुरतेत बहुतेक ठिकाणी दुसरी रीत वापरतात. हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजन यांच्या तप्त वायूतून कार्बनचे थर आठवडेच्या आठवडे साचवत नेतात. खाण नाही, बंदूक नाही. वीज मात्र अखंड लागते, आणि आपल्या देशातली बरीचशी वीज कोळशाची. स्वतःचे सौर किंवा पवन वीजकेंद्र असलेल्या कारखान्याचा हिरा वेगळा आणि नसलेल्याचा वेगळा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दागिन्यांच्या आठ विक्रेत्यांना जाहिरातींबद्दल पत्रे धाडली. पुराव्याविना ‘पर्यावरणस्नेही’ म्हणवून घेऊ नका, हा त्यांतला एक इशारा होता. म्हणून दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: वीज कुठली?

एवढे सगळे बोलणे हिऱ्याचे. ज्या सोन्यात तो बसतो त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मला अधिक अस्वस्थ केले ते सोन्याने. लहान खाणींत दळलेल्या दगडात पारा कालवतात. पारा सोन्याला धरतो. तो गोळा फडक्यातून पिळून विस्तवावर धरला की पारा उडून जातो, सोने उरते. उडालेला पारा श्वासात, नदीत आणि माशांत जातो. माणसामुळे हवेत मिसळणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के या धंद्यातून येतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या अहवालात आहे. आपल्याकडचा हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरांचा क्रमांक शुद्धतेची हमी देतो. हे सोने कुठल्या नदीकाठचे, हे सांगणे त्याचे कामच नाही.

राहता राहिली घरातली जुनी वस्तू. माझ्या आईच्या पाटल्या. त्यांचे सोने कधीकाळी कुठून आले कुणास ठाऊक, पण त्यांच्यासाठी आज नवी खाण खणावी लागत नाही. यातही एक मेख आहे. दुकानात ‘जुने द्या, नवे घ्या’ केले की आपले सोने वजनाच्या हिशेबात जमा होते आणि हाती येते ते दुसरेच. आपलेच सोने हवे असेल तर समोर मूस तापवणारा सोनार गाठावा लागतो. जुन्या दागिन्यात डाक असते, त्यामुळे आटवल्यावर कस थोडा उतरतो; आधी टंच काढून, घट किती धरणार हे लिहून घ्यावे. दोन ग्रॅमच्या आतल्या अंगठीला हॉलमार्कची सक्ती नाही, पण सोनार नोंदणीकृत असेल तर त्याहून जड अंगठीवर तो शिक्का घेऊन देतो.

आमच्याकडे अडले ते वेगळ्याच जागी. ताई म्हणाली, ‘आईच्या हातची वस्तू मोडायची? याला तुम्ही नीतिमत्ता म्हणता?’ तिचा आक्षेप मला अजूनही खोडता आलेला नाही. जुनी घडण एकदा मुशीत गेली की परत येत नाही, आणि त्या पाटल्यांवरचे काम करणारा कारागीर आता नाही. शेवटी पाटल्यांना हात लावला नाही. कडी तुटलेले एक कानातले आणि झिजलेले एक वळे निघाले, त्यांत दोघांच्या बिनखड्याच्या अंगठ्या झाल्या. वजन जेमतेम. नवऱ्या मुलाच्या आईने ‘खडा नाही का?’ असे एकदा विचारले. भाचीने तिला विजेचा हिशेब सांगायला घेतला, तोवर पेढे आले.