व्हेल्ड शॅमेलिऑन सरड्याचा पिंजरा : थोडक्यात माहिती

मूळ अधिवास : येमेन व नैऋत्य सौदी अरेबिया.

- आकार : प्रौढासाठी साधारण ६० × ६० × १२० सेंमी. झाडावर राहणारा प्राणी असल्याने उंची महत्त्वाची.
- बाजू : जाळीच्या; हवा खेळती राहते.
- तापमान : दिव्याखालच्या फांदीवर सुमारे ३० अंश सेल्सिअस, तळाशी त्याहून कमी.
- प्रकाश : अतिनील-ब किरणांचा दिवा, रोज १२ तास. त्यामुळे ड जीवनसत्त्व तयार होते. काच हे किरण अडवते.
- पाणी : भांड्यातले स्थिर पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. रोज फवारणी आवश्यक.
- झाडे : जास्वंद, फायकस, पकडीत मावतील अशा आडव्या फांद्या.
- संख्या : एका पिंजऱ्यात एकच.
- कायदा : भारतातील शॅमेलिऑन (घोयरा सरडा) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित, तो पकडून पाळणे गुन्हा.