लॉर्ड लिव्हरपूल आणि मजूरसंघाचा कायदा

१८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्लंडचा मुख्य प्रधान कोण होता, असे विचारले तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. तो लॉर्ड लिव्हरपूल. १८१२ मध्ये आदला प्रधान पर्सिव्हल पार्लमेंटच्या आवारातच गोळी लागून मेला आणि ती खुर्ची याच्याकडे आली. पुढे जवळजवळ पंधरा वर्षे ती त्याने सोडली नाही. नेपोलियनवरच्या विजयाची कथा सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते मजुरांविषयी.

एकोणीस वर्षांचा असताना हा गृहस्थ पॅरिसमध्ये होता. १४ जुलै १७८९ रोजी बॅस्टिलचा तुरुंग लोकांनी घेतला, तो त्याने डोळ्यांनी पाहिला. जमावाची धास्ती त्याच्या मनातून पुढे कधीच गेली नसावी.

युद्ध संपले, शिपाई घरी परतले, कामे मिळेनात. नेमक्या त्याच वर्षी, १८१५ मध्ये, धान्याचा कायदा झाला. गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही! जमीनदारांचे फावले, विणकराचा पाव महागला. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरला सुमारे साठ हजार माणसे, बायकामुलांसह, पार्लमेंटची सुधारणा मागायला जमली. त्यांच्यावर घोडेस्वार घातले गेले. पंधराच्या वर माणसे मेली, शेकडो जखमी झाली. हुकूम स्थानिक मॅजिस्ट्रेटांचा होता, हे खरे. पण सरकारने त्यांची पाठ थोपटली आणि सभा व वृत्तपत्रे आवळणारे सहा कायदे केले.

आता गंमत पाहा. मजुरीवाढीसाठी एकत्र येणाऱ्या कामगाराला तीन महिने तुरुंगात धाडणारा कायदा १८०० पासून होता. तो १८२४ मध्ये याच प्रधानाच्या अमदानीत रद्द झाला. खटपट फ्रान्सिस प्लेस या शिंप्याची आणि जोसेफ ह्यूम या सभासदाची. साक्षीदार पढवून, फारशी चर्चा होऊ न देता त्यांनी बिल पार केले. त्याची व्याप्ती आपल्या ध्यानात आली नव्हती, असे लिव्हरपूलला पुढे कबूल करावे लागले.

लगेच संपांची लाट उठली. १८२५ मध्ये दुसरा कायदा आला. मजुरी आणि कामाचे तास यांपुरता संघ राहिला. पण ‘धाकदपटशा’ आणि ‘अडथळा’ हे गुन्हे ठरले. हे शब्द मला ओळखीचे आहेत. एका कारखान्याच्या गेटवर आम्ही सभा घेतली, तेव्हा आलेल्या नोटिशीत हेच दोन होते.

१८२७ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूल अर्धांगवायूने पडला आणि पुढल्या वर्षी वारला. त्याच्या सरकारचा तो दुसरा कायदा १८७१ पर्यंत चालू होता.