विहिरीपर्यंत पोचणारा उजेड

श्रीवर्धनला काकांचं जुनं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि तिच्यापलीकडे नारळी-पोफळीचं आगर. आगराच्या टोकाला विहीर. घरापासून विहीर पस्तीस-चाळीस मीटरांवर. मे महिन्यात रोज सकाळी साडेसातला काका तिथे शिंपणं करत असतात. त्याच वेळी सिडनीत दुपारचे बारा वाजतात, माझ्या चुलत बहिणीची जेवणाची सुट्टी होते आणि ती त्यांना व्हिडिओ कॉल करते. तुळशीपर्यंत सगळं छान चालतं. तुळस ओलांडली की चित्र अडकतं, आवाज तुटतो.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी मला विचारलं, "अरे, सिडनीहून माजघरापर्यंत येतंय ना? मग माजघरातून विहिरीपर्यंत यायला काय होतं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. सिडनी इथून जवळजवळ 10,000 किलोमीटर. एवढं अंतर बिनबोभाट कापून आलेलं चित्र शेवटच्या चाळीस मीटरांत हरवतं. उत्तर शोधताना कळलं की अवघड असतात ते हे चाळीस मीटरच. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केसाएवढ्या काचेच्या तंतूतून तो संदेश उजेडाच्या रूपात धावत येतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगानं, आणि वाटभर काचेच्या आतच राहतो. माजघरातल्या राउटरपाशी आला की त्याला आपण हवेत मोकळा सोडतो. तिथून पुढे त्याला धरून नेणारं कुणी नसतं.

हवेत सोडलेला तो संदेशही उजेडच असतो, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. वायफायची लाट आणि सूर्यप्रकाश एकाच कुळातले. फरक लांबीचा. तांबड्या प्रकाशाची एक लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते. 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायची लाट साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. अशा 240 कोटी लाटा राउटरच्या काळ्या काडीतून दर सेकंदाला सुटत असतात.

आणि त्या सोडायला लागते किती शक्ती? घरगुती राउटरच्या लहरींत साधारण वॅटचा दहावा भाग असतो. देवघरातला चिमुकला एलईडी दिवाही अर्धा वॅट घेतो. एवढीशी शक्ती सगळ्या दिशांना पसरते. अंतर दुप्पट झालं की तुमच्या वाट्याला चौथाई उरते, चौपट झालं की सोळावा हिस्सा. ओटीवरच्या कंदिलाचा उजेड जसा अंगणात विरत जातो, तसाच.

हे विरणं प्रत्यक्ष पाहता येतं. सिग्नल मोजणारं एक फुकट अॅप मी फोनवर घेतलं आणि माजघरातून चालायला लागलो. राउटरजवळ आकडा उणे 38. मागच्या पडवीत उणे 62. तुळशीपाशी उणे 71. पहिल्या पोफळीच्या बुंध्याला टेकलो तेव्हा उणे 78, आणि विहिरीच्या कठड्यावर उणे 88. हे आकडे वाचायची रीत वेगळी आहे. आकडा तीनने खाली गेला की शक्ती निम्मी, दहाने खाली गेला की दहावा हिस्सा. उणे 70 म्हणजे राउटरनं सोडलेल्या शक्तीचा एक अब्जावा भाग. त्या अब्जाव्या भागातून फोन बहिणीचं हसू, तिच्या डब्यातली भाजी, खिडकीबाहेरचा सिडनीचा पाऊस हे सगळं बिनचूक उभं करतो. तुळशीपलीकडे चित्र अडकतं म्हणून आपण वैतागतो, पण तुळशीपर्यंत ते येतं याचंच मला आता जास्त नवल वाटतं.

मोकळ्या मैदानात ही शक्ती पस्तीस-चाळीस मीटरांवर सहज पुरली असती. काकांच्या घरात ती अडते भिंतींत. दीड-दीड फुटाच्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात हे आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी 1890च्या दशकातच दाखवलं होतं. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीआडून लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. पण जाताना प्रत्येक भिंत आपला कर घेते. लाट जितकी आखूड तितका कर जास्त, म्हणून 5 गिगाहर्ट्झचं वेगवान वायफाय पहिल्या खोलीबाहेर पडतानाच दमतं आणि 2.4 जास्त लांब जातं. लोखंडी कपाटासारखी धातूची वस्तू तर लहर जवळजवळ पूर्ण परतवते. काकांचा राउटर नेमका तशाच एका कपाटाच्या आड होता.

आणि पाणी! या लहरींना पाणी गिळतं. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो. पोफळीचं खोड आणि केळीचा गाभा तर पाण्यानंच भरलेले. गंमत अशी की पडणारा पाऊस मात्र इथे निर्दोष असतो. हवेतल्या थेंबांनी चाळीस मीटरांत या लहरींचं जवळजवळ काहीच बिघडत नाही. वाट अडवतात ती भिजलेली पानं आणि भिजलेली भिंत. पावसात रेंज गेली असं आपण म्हणतो, पण पाऊस थांबल्यावरही पानं निथळत असतात तोवर ती परतत नाही, त्याचं कारण हे.

कठड्यावर बसलो असताना आणखी एक गोष्ट दिसली. फोन चार बोटं डावीकडे सरकवला की आकडा पाच-सातने सुधारायचा, आणखी चार बोटं सरकवला की पुन्हा घसरायचा. जादू वाटावी असंच ते होतं. कारण असं की फोनपर्यंत एकच लाट येत नाही. एक सरळ येते, एक पत्र्यावर आपटून, एक कुंपणाच्या गडग्यावरून, एक पाण्याच्या टाकीवरून. लाटेच्या उंचवट्यावर उंचवटा आला तर जोर वाढतो, उंचवट्यावर खळगा आला तर दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. साडेबारा सेंटिमीटरच्या लाटेचा अर्धा म्हणजे सव्वासहा सेंटिमीटर, तीच ही चार बोटं. डोळ्यांना न दिसणारी लाट मी त्या दिवशी बोटांनी मोजली.

एकाच शब्दाचे असे दहा प्रतिध्वनी कानावर आले तर माणूस गोंधळेल. फोन कसा गोंधळत नाही? ही गोष्ट आपल्याला पुन्हा ऑस्ट्रेलियात घेऊन जाते. जॉन ओ'सुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. 1970च्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी स्फोट होणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे क्षीण रेडिओ-स्पंद शोधत होते. ते स्पंद सापडले नाहीत. पण विखुरलेल्या लहरींतून मूळ संदेश वेगळा काढण्याचं गणित त्यांच्या हाती राहिलं. पुढे सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत त्यांच्या गटानं ते गणित घरातल्या भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनींना लावलं. 1996 साली त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. युक्ती अशी: एकच संदेश घाईघाईनं पाठवायचा नाही, त्याचे अनेक भाग करून ते जवळजवळच्या अनेक सुरांत एकाच वेळी, सावकाश पाठवायचे. शब्द सावकाश उच्चारला की प्रतिध्वनी त्यातच विरून जातो.

याच संस्थेशी आपलं जुनं नातं आहे. भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप 1950च्या दशकात तिथे शिकले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथल्या 32 छोट्या तबकड्या त्यांच्या प्रयत्नांनी भारताला मिळाल्या, आणि 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं त्यांतून कल्याणजवळ रेडिओ दुर्बीण उभारली. तीच वाट पुढे जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या प्रचंड दुर्बिणीपर्यंत गेली. आकाशातलं सर्वात क्षीण ऐकण्याची धडपड आणि विहिरीवरचा व्हिडिओ कॉल या दोन गोष्टी अशा एका धाग्यात ओवलेल्या आहेत.

मग उपाय काय? पहिला विचार येतो तो जास्त ताकदीचा राउटर आणण्याचा. पण कॉल म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी विहिरीवरच्या फोनचं उत्तर त्याला ऐकू यायला हवं, आणि फोन आपली बॅटरी सांभाळत हळू आवाजात बोलतो. आम्ही आधी राउटर कपाटाआडून काढून मागच्या खिडकीत, उंचावर ठेवला. एवढ्यानंच विहिरीवरचा आकडा उणे 80 झाला. बिनखर्चाचा हा उपाय सर्वात आधी करावा. त्यानंतर रिपीटर लावून पाहता येतो. पण तो जिथे सिग्नल चांगला आहे तिथे, म्हणजे मागच्या पडवीत लावायचा. विहिरीवर लावला तर त्यालाच धड ऐकू येणार नाही, मग तो पुढे काय सांगणार? शिवाय एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर निम्मा वेळ ऐकण्यात घालवतो, त्यामुळे वेगही निम्म्यावर येतो.

खरं उत्तर काकांच्या शिंपण्यातच होतं. विहिरीचं पाणी कुणी झाडांवर भिरकावत नाही. पाट काढून ते प्रत्येक आळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सोडतात. सिडनीहून संदेश आला तोही काचेच्या पाटातून. तोच पाट विहिरीपर्यंत वाढवायचा.

आम्ही घरापासून विहिरीशेजारच्या पंपाच्या खोलीपर्यंत इथरनेटची केबल नेली. अशी केबल 100 मीटरांपर्यंत विनातक्रार चालते. कापून पाहिली तर आत तांब्याच्या आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला वेगळ्या घट्टपणाचा पीळ. हा पीळ 1881 साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट केला होता. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि दोघींमधला फरक मोजला की तो आपोआप वजा होतो. त्याच तारांतून वीजही जाते. विहिरीवर लावलेल्या अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे तिथे वायफाय सोडणाऱ्या उपकरणाला, त्यामुळे वेगळा प्लग लागत नाही, आणि गावातली वीज गेली तरी घरातल्या एका इन्व्हर्टरवर राउटर आणि विहीर दोन्ही जागे राहतात.

बाकी काळजी कोकणाला साजेशी. केबल शुद्ध तांब्याची, वरचं आवरण उन्हाला टिकणारं काळं. घुशी कुरतडतात म्हणून ती पाइपातून, हातभर खोल, पंपाच्या विजेच्या वायरीपासून दूर नेली. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोका दिला, म्हणजे पाऊस तिच्यावरून ओघळत आत न जाता तिथेच ठिबकतो. अॅक्सेस पॉइंट पावसाचा मारा सोसणाऱ्या डबीतला. वळवाच्या विजा जवळ पडल्या की लांब तारेत झटका उतरतो, म्हणून दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि पक्कं अर्थिंग.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी पुन्हा फोन घेऊन कठड्याशी उभा राहिलो. चहूकडे पोफळी निथळत होत्या. आकडा उणे 49. आता चाळीस मीटर आणि दोन भिंती ओलांडायच्या नव्हत्या. उजेडाला खोलीपासून कठड्यापर्यंत, चार पावलंच चालायचं होतं. शिंपणं पावसानंच हाती घेतलेलं, तरी काका सवयीनं छत्री घेऊन आले, फोन कठड्याकडे वळवला आणि मुलीला म्हणाले, "बघ, विहीर किती भरली." पाण्यावर थेंबांची वर्तुळं उमटत होती, एकमेकांत मिसळत होती, कुठे उंचावत होती, कुठे पुसली जात होती. ती वर्तुळं सिडनीत जशीच्या तशी दिसत होती.