बोलणारा चष्मा : घेण्यापूर्वी काय पाहावे?

आमच्या कापडाच्या धंद्यात अर्धे भांडवल तिजोरीत असते आणि अर्धे डोळ्यांत. तागा उलगडताच रंगातला फरक आणि विणीतली खोट ज्याला दिसते, तोच बाजारात टिकतो. जरीकाम, रफू, शिलाई, घड्याळदुरुस्ती या सगळ्या हुनरांचे असेच आहे. त्यामुळे एखाद्याची नजर गेली की त्याची रोजीही गेली, असे घरचे लोक आणि बाजारही धरून चालतात. काल गादीवर बसणारा माणूस आज घराच्या कोपऱ्यात बसतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असणाऱ्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यांत किती कारागीर आणि दुकानदार असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

अशा लोकांसाठी आता बोलणारे चष्मे बाजारात आले आहेत. जाहिरातींत त्यांचे कौतुक फार होते आणि घरचे लोक आशेपोटी कर्ज काढूनही ते घ्यायला तयार होतात. म्हणून हा जिन्नस व्यापाऱ्याच्या नजरेने तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

चष्मा काय करतो?

पहिली गोष्ट ही की हा चष्मा दृष्टी परत देत नाही. फ्रेमवर बारीक कॅमेरा असतो. तो समोरचे चित्र टिपतो, यंत्र त्यातला मजकूर किंवा वस्तू ओळखते आणि कानाजवळच्या छोट्या स्पीकरमधून बोलून सांगते. बिलावरची रक्कम, औषधाच्या बाटलीवरचे नाव, दुकानाची पाटी, समोर उभा असलेला ओळखीचा माणूस, एवढे तो सांगू शकतो.

दुसरा प्रकार अंधुक दिसणाऱ्यांसाठी आहे. त्यात डोळ्यांसमोर दोन लहान पडदे असतात आणि कॅमेऱ्याचे चित्र त्यांवर मोठे व ठळक करून दाखवले जाते. कॅनडातील ई-साइट हा त्यातला नावाजलेला चष्मा. तो तयार करणारे अभियंते कॉनराड लुईस यांच्या दोन बहिणींची नजर फार कमी होती, त्यातून हे काम सुरू झाले. ज्याला काहीच दिसत नाही त्याला या दुसऱ्या प्रकाराचा उपयोग नाही. दुकानात शिरण्यापूर्वी एवढा फरक समजून घेतला तरी मोठा खर्च वाचतो.

एका कारागिराची कल्पना

या क्षेत्रातील एक मोठी कल्पना एका कारागिराला सुचली. डेन्मार्कचे हान्स योर्गन वीबर्ग हे फर्निचरचे कारागीर. त्यांची स्वतःची नजर कमी आहे. अंध माणसाला दिवसातून दोन-चार वेळा कोणाच्या तरी डोळ्यांची मिनिटभर गरज लागते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यातून जानेवारी २०१५ मध्ये 'बी माय आईज' ही मोबाईलवरची सेवा सुरू झाली. अंध माणूस फोनचा कॅमेरा समोर धरतो आणि कुठेतरी बसलेला स्वयंसेवक पाहून सांगतो की डब्यावर काय लिहिले आहे. सेवा मोफत आहे. २०२३ पासून माणसाऐवजी यंत्रालाही चित्र दाखवून विचारता येते. पुढे हीच सोय रे-बॅन मेटा या चष्म्यावर आली. त्यामुळे फोन हातात धरण्याची गरज उरली नाही.

चष्म्याचा खरा फायदा इथेच आहे. जे काम चष्मा करतो त्यातले बरेचसे साधा स्मार्टफोनही करतो, फक्त फोन एक हात अडवून ठेवतो. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माल असेल तर फोन धरायचा कसा? कारागिराला दोन्ही हात मोकळे लागतात.

म्हणून आमचा सल्ला असा की सुरुवात फोनपासून करावी. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे ॲप काढले. ते नोट ओळखून रक्कम सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. फोनची सवय झाली आणि मोकळ्या हातांची गरज खरोखर भासली, तरच चष्म्याकडे वळावे.

किंमत आणि कंपनी

किमतींत मोठी तफावत आहे. ई-साइटचा चष्मा २०१७ साली सुमारे १० हजार डॉलरला होता. रे-बॅन मेटा मे २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा २९,९०० रुपयांपासून मिळू लागला, मात्र तो सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी बनलेला आहे. बंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजचा 'स्मार्ट व्हिजन' चष्मा खास अंधांसाठी असून वाचणे, समोरचे सांगणे, अडथळा ओळखणे आणि चेहरा ओळखणे ही कामे करतो.

पण किमतीपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. हा जिन्नस बिघडला तर दुरुस्त कोण करणार? यंत्रमाग घेताना आपण सुटे भाग आणि मिस्त्री जवळ आहे का ते आधी विचारतो. इथे तर माणसाचे चालणे-वाचणे त्या वस्तूवर टेकलेले असते.

अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीचे उदाहरण प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. तिचे आर्गस-२ हे यंत्र म्हणजे चष्म्यावर कॅमेरा आणि शस्त्रक्रियेने डोळ्याच्या पडद्यावर बसवलेले ६० विद्युतबिंदू. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला मंजुरी दिली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये बहुतेक नोकर कमी केले. डोळ्यात यंत्र बसलेली माणसे मागे राहिली आणि दुरुस्तीला कोणी उरले नाही.

दुसरे उदाहरण 'एन्व्हिजन' चष्म्याचे. कार्तिक महादेवन आणि कार्तिक कन्नन या दोन भारतीय तरुणांनी नेदरलँड्समध्ये ही कंपनी काढली आणि २०२० मध्ये गुगल ग्लासच्या फ्रेमवर आपला चष्मा आणला. मार्च २०२३ मध्ये गुगलने ती फ्रेम विकणेच बंद केले. सूत एकाच गिरणीतून घेणाऱ्या विणकराची गिरणी बंद पडल्यावर जी अवस्था होते, तीच ही.

घेण्यापूर्वी विचारा

१. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आहे का? २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आढळले. वाटा सुमारे ६६ टक्के. हे अंधत्व बहुधा शस्त्रक्रियेने जाते. मग चष्म्यावर पैसा कशाला?

२. आपली लिपी वाचतो का? मराठीचा छापील कागद आणि उर्दूचा कागद दोन्ही स्वतः नेऊन वाचून घ्यावेत. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी आणि जोडून येते, त्यामुळे ती यंत्राला अवघड जाते. हाताने लिहिलेली वहीही दाखवून पाहावी.

३. इंटरनेटशिवाय काय चालते? बाजारातील गाळ्यात रेंज नसेल तर चष्मा मुका होईल.

४. एका चार्जिंगवर किती तास? दुकान दहा तास उघडे असते.

५. दरमहा वर्गणी आहे का? दुरुस्ती कुठे होते आणि तोवर बदली चष्मा मिळतो का?

६. चित्रे कुठे साठवली जातात? दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचे, विशेषतः महिलांचे, चेहरे ही त्यांची अमानत आहे. ती दुसऱ्याच्या हाती जाऊ नये.

आणि चष्मा घेतला तरी पांढरी काठी सोडू नये. उघडे गटार आणि फुटपाथची कड काठीच सर्वांत आधी सांगते.

मदतीसाठी केंद्र सरकारची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या दिव्यांगांना तीतून साधने मिळतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते आहे. दिव्यांग ओळखपत्र काढून तिथे चौकशी करावी, खिशातला पैसा त्यानंतर काढावा.

शेवटी बाजारातील भावांना एक विनंती. ज्याची नजर गेली त्याचा तजुर्बा गेलेला नसतो. बोटांना अजूनही सुती आणि रेशमी यांतला फरक कळतो, भाव तोंडपाठ असतो, गिऱ्हाईक आवाजावरून ओळखता येते. बिल आणि नोट वाचण्याची अडचण यंत्राने दूर केली, तर बाकीचे काम तो माणूस स्वतः करील. त्यासाठी त्याला गादीवर परत जागा मात्र आपणच द्यायला हवी.