गिटार कुठली विचारा, पण नीट विचारा

सकाळी ७
शटर अर्धं वर करून आधी जळकोटच्या भजनी मंडळाची पेटी उघडतो. एका सुराखाली कचरा अडकलाय. पेटीवर सोलापूरच्या दुकानदाराचं नाव आहे, आतले सूर मात्र गुजरातेतल्या पालिताण्याचे. तिथले कारागीर सूर बनवतात, देशभरचे पेटीवाले ते बसवतात. यात कुणालाही कधी फसवल्यासारखं वाटलेलं नाही.

९.३०
अणदूरचे एक शेतकरी मुलाला घेऊन येतात. नवी स्क्वायर इलेक्ट्रिक गिटार टेबलावर ठेवून, तिच्या डोक्याच्या मागची बारीक अक्षरं दाखवतात.
“मास्तर, नाव अमेरिकेचं अन् माल इंडोनेशियाचा. आमाला गंडवलं का वो?”
“नाही दादा. गिटार अस्सल आहे.”

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवतो. स्क्वायर हे फेंडर या अमेरिकी कंपनीचंच स्वस्त नाव. ती गिटार बहुधा दुसऱ्याच्या कारखान्यात, ठरवून दिलेल्या मापाने बनते. फेंडरचा मेक्सिकोतला एन्सेनाडाचा कारखाना वेगळा; तो १९८७ पासूनचा आणि कंपनीचा स्वतःचा. त्याआधी, १९८२ मध्ये, फेंडरने जपानच्या फुजिजेनकडून गिटारी करून घ्यायला सुरुवात केली. त्या पहिल्या जपानी गिटारी आज संग्राहक चढ्या भावाने घेतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘स्क्वायर टू’ नावाच्या काही गिटारी आपल्या भारतातही बनल्या. देशाचं नाव वाचून गिटारीचा दर्जा कळत नाही. तो कळतो कारखान्यातल्या तपासणीवरून आणि कंपनीने किती पैसा कुठे वाचवला यावरून.

मुलाला फिंगरबोर्ड दाखवतो. २०१७ मध्ये शिसवीच्या जगभरच्या व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. त्यानंतर अनेक स्वस्त गिटारींवर इथे शिसवीऐवजी ‘इंडियन लॉरेल’ दिसू लागलं. तो म्हणजे सह्याद्रीत उगवणारा आपला ऐन. पोराचे डोळे चमकतात.

११
आता खरं काम, गिटारीचं सेटिंग. आमच्याकडची हवा कोरडी. दमट मुलखात बनलेली गिटार इथे आली की लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. बारीक कानशीने एकेक टोक घासायचं, मान वाकली असेल तर आतली सळई पाव फेरा फिरवून थांबायचं, तारांची उंची पाहायची, वरच्या नटच्या खाचा तपासायच्या. घाई केली की खाच खोल जाते आणि तार झणझणते. महाग गिटारीलाही हे लागतंच. स्वस्त गिटारीत कारखान्याने वेळ वाचवलेला असतो तो नेमका इथे. घेणाऱ्याने भाव ठरवताना या मजुरीचे पैसे धरलेच पाहिजेत.

१
एसटीतून तारांचं पार्सल येतं. पौष पौर्णिमेची खंडोबाची यात्रा तोंडावर आहे. दोन वाघ्यांच्या तुणतुण्यांना तारा घालून देतो.

३
गर्दी नसते तेव्हा मनात येतं ते कोरियाचं. कॉर-टेक ही कंपनी मोठमोठ्या नावांसाठी गिटारी बनवायची. २००७ मध्ये तिने कामगारांना काढायला सुरुवात केली, पुढे तिथले कारखाने बंद झाले आणि काम इंडोनेशिया-चीनकडे गेलं. काढलेले कामगार लढत राहिले. २०१० मध्ये ते अमेरिकेतल्या वाद्यांच्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत पोचले. टॉम मोरेलो हा नामवंत गिटारवादक त्यांच्या बाजूने उभा राहिला. तडजोड झाली ती २०१९ मध्ये. गिटारीवर त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं. खरेदीदाराने पर्वा करायची ती इथे, असं माझं ठाम मत आहे. आवाज इंडोनेशियात बिघडत नाही. पण बनवणारा बदलला, त्याचं पोट तुटलं, आणि किमतीत ते कुठेच दिसलं नाही, हे मला सहज घेता येत नाही.

६
शिकवणीची मुलं येतात. त्यांनाही गिटारीवरच्या नावांची ही गोष्ट सांगतो. एक मुलगी विचारते, “सर, मिरजेच्या सतारीचं तसं नसतं ना?”
मिरजेत उलट घडलं. तिथे शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रं घडवणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली. नाव इतकं झालं की बाहेर बनलेल्या सतारी, तानपुरे मिरजेचे म्हणून विकले जाऊ लागले. कारागिरांनी २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला आणि २०२४ मध्ये ते मिळालं. गिटारीच्या धंद्यात गावाचं नाव मागे बारीक अक्षरांत जातं. मिरजकरांनी आपल्या गावाचं नाव कायद्याने पुढे आणलं. मला मिरजेचा मार्ग बरोबर वाटतो.

८.३०
शटर ओढताना दारावरच्या पाटीवर उद्यासाठी खडूने लिहितो: गिटार घेताना ती कुठल्या देशाची यावर अडू नका. ती कुठल्या कारखान्यात बनली ते दुकानदाराला विचारा, वाजवून बघा, फ्रेटवरून बोट फिरवा, आणि सेटिंगचे पैसे बाजूला ठेवा. दुकानदाराला कारखान्याचं नाव सांगता आलं नाही तर कंपनीला लिहून विचारा.